लावलेले रोप जगवण्याचे दिवस

पावसाळ्याचे चार महिने घरची बाग आपल्याकडे फारसे काही मागत नाही. पाणी वरून मिळते, हवेत ओल असते, काडी खोचली तरी पालवी फुटते. कढीपत्ता, जास्वंद, पुदिना, गवती चहा, सगळेच हिरवेगार दिसते आणि यंदा बाग छान लागली असे वाटते. मग सप्टेंबर संपतो. परतीचा पाऊस दोन-चार दिवस कोसळून निघून जातो, आभाळ मोकळे होते आणि ऑक्टोबरचे ऊन तापू लागते. पंधरा दिवसांत गॅलरीतल्या कितीतरी कुंड्या माना टाकतात. घरातले म्हणतात, "आपल्या हाताला बागच लागत नाही."

हाताचा यात काही दोष नसतो. जून-जुलैत रोप लावताना आपल्याला उत्साह असतो आणि सोबत पाऊसही असतो. ऑक्टोबरपासून दोघांचीही साथ सुटते. खरी बागकामाची वेळ तेव्हाच सुरू होते.

वनमहोत्सव आपल्याकडे जुलैच्या पहिल्या आठवड्यात साजरा होतो. १९५० साली तेव्हाचे केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी तो सुरू केला. शाळा, मदरसे, मशिदीचे आवार, कब्रस्तान अशा सगळीकडे त्या आठवड्यात रोपे लागतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यातील किती उभी आहेत, हे मोजायचा कार्यक्रम मात्र कुठेच नसतो. वर्गातल्या मुलांना विचारले तर ती बोटावर मोजून सांगतात.

झाड लावण्याच्या सवाबाची हदीस आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेल्या या हदीसचा आशय असा, की एखाद्या मुसलमानाने झाड लावले किंवा पेरणी केली आणि त्यातून माणसाने, पक्ष्याने किंवा जनावराने खाल्ले, तर ते त्याच्यासाठी सदका ठरते. नीट पाहिले तर यात दोन गोष्टी आहेत. एक लावणे, आणि दुसरी त्यातून कुणाच्या तरी तोंडी घास जाणे. नियतचा मोबदला देणारा अल्लाह आहे, पण चिमणीच्या चोचीत दाणा पडायचा तर रोप जगायलाच हवे. ते जगवण्याचे काम या ऋतूत करायचे असते.

ऋतू ओळखायचा कसा?

आपले सणवार हिजरी महिन्यांवर चालतात. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचे असल्याने ते दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. त्यामुळे बागेचे काम अमुक हिजरी महिन्यात करा, असे सांगता येत नाही. आपल्या पूर्वजांना ही अडचण चांगली ठाऊक होती. दख्खनच्या सुलतानी काळात शुहूर सन सुरू झाला. त्यात महिन्यांची नावे अरबी होती, पण वर्ष सौर होते आणि सूर्य मृग नक्षत्रात शिरला की नवे वर्ष लागत असे. म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. मराठेशाहीच्या कागदपत्रांतही हा सन वापरलेला दिसतो. नमाज-रोज्याला चंद्राचा हिशेब आणि शेती-बागेला सूर्याचा, अशी सोय आपल्या मातीत शेकडो वर्षे चालत आली आहे.

गावाकडची जाणती माणसे आजही हस्ताचा पाऊस संपला की रब्बीच्या तयारीला लागतात. हस्त नक्षत्र सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते. घरच्या बागेलाही हाच इशारा पुरेसा आहे. पाऊस थांबून आठवडा झाला, सकाळी पानांवर दव दिसू लागले, की खुरपे हातात घ्यावे.

आधी माती

सेव्हिल शहरातील इब्न अल-अव्वाम या विद्वानाने बाराव्या शतकात 'किताब अल-फिलाहा' हा शेती आणि बागायतीवरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्याची सुरुवात फुलांनी किंवा फळांनी होत नाही. आधी माती, मग खत, मग पाणी आणि त्यानंतर बाग, असा त्याचा क्रम आहे. आपणही हाच क्रम पाळावा.

चार महिन्यांच्या पावसाने कुंडीतली माती दडपून घट्ट होते. वर हिरवट शेवाळ चढते, खालचे भोक गाळाने बुजते आणि मातीतले अन्न पाण्याबरोबर वाहून जाते. झाड हिरवे दिसत असले तरी आतून उपाशी असते. म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येक कुंडीपाशी एवढे करावे:

वरची बोटभर खोल माती खुरप्याने हलकी करावी. खोडाजवळ खोल खणू नये, मुळे तुटतात. शेवाळाचा थर काढून टाकावा. कुंडी तिरकी करून खालचे भोक काडीने मोकळे करावे. मग ओंजळभर कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि चमचाभर निंबोळी पेंड मातीत मिसळावी. ओले शेण कधीच घालू नये, त्याच्या उष्णतेने मुळे जळतात.

माती कुठली आहे, हेही पाहावे. कोकणातल्या लाल मातीतून पाणी लवकर निघून जाते. तिथे खत थोडे जास्त घालावे आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे. मराठवाडा-विदर्भातली काळी माती याच्या उलट वागते. ओली असताना ती फुगते आणि वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते आणि मधली मुळे कोरडीच राहतात. बशीत पाणी दिसते म्हणून आपल्याला वाटते झाडाला मिळाले. अशा कुंडीत कडेची फट मातीने भरावी आणि पाणी थोडे थोडे करून दोनदा घालावे. पुढच्या वेळी माती भरताना त्यात वाळू आणि शेणखत मिसळून घ्यावे.

या दिवसांत झडलेली पाने लोक जाळतात. ती जाळू नयेत. तीच पाने कुंडीत दोन बोटे जाड पसरली तर ऊन थेट मातीवर पडत नाही, ओल टिकते आणि उन्हाळ्यापर्यंत त्यांचे खत होते.

पाणी: थोडे, पण वेळेवर

ऑक्टोबरात झाडे दोन कारणांनी मरतात, तहानेने आणि अति पाण्याने. ऊन पाहून आपण सकाळ-संध्याकाळ पाणी ओततो आणि मुळे कुजतात. सोपी कसोटी अशी, की बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. कोरडे लागले तर खालून थेंब येईपर्यंत द्यावे. वेळ फजरनंतरची उत्तम. भर दुपारी पाने मलूल दिसली तरी घाई करू नये. असरच्या सुमारास ती पुन्हा टवटवीत झाली तर ती फक्त उन्हाची ग्लानी होती.

पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न अनेक गावांत आणि मोहल्ल्यांत खरा आहे. त्याचे उत्तर घरातच आहे. तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी, भाजी धुतलेले पाणी झाडांना चालते. वुजूचे पाणीही चालते. एकदा वुजूसाठी वापरलेल्या पाण्याने पुन्हा वुजू होत नाही, पण ते पाणी नापाक नसते, ही गोष्ट हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत मान्य आहे. मोरीत जाणारे हे पाणी टबात धरले तर पाच माणसांच्या घरात दिवसाला चार-सहा कुंड्यांचे काम सहज भागते. आणि नळ किती सोडायचा याचाही विचार होतो. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्दभर पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आहे. मुद्द हे माप साधारण लिटरभर किंवा त्याहून कमी भरते. आपण टबात पाणी धरले की पहिल्याच दिवशी समजते, आपण किती वापरतो ते.

साबणाचे आणि खारट पाणी मात्र कुंडीत घालू नये. मासे धुतलेले पाणी अंगणातल्या नारळाला किंवा कढीपत्त्याच्या झाडाला द्यावे. गच्चीवरच्या कुंडीत ते घातले तर वास आणि मांजरे, दोन्ही मागे लागतात.

बशीतले पाणी आणि डेंग्यू

बागेच्या आवडीतून घरात आजार येऊ नये. पाऊस संपता संपता डेंग्यूचे रुग्ण वाढतात हे आपण दरवर्षी पाहतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घाणेरड्या गटारापेक्षा घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची बशी, मनीप्लांटची बाटली, कोपऱ्यातली रिकामी कुंडी, पक्ष्यांसाठी ठेवलेले भांडे, या त्याच्या आवडत्या जागा. अंड्यातून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळे पाणी ओतून टाकणे पुरेसे आहे, पण नुसते ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. कडा काथ्याने घासायलाच हव्यात.

जुम्याच्या दिवशी आपल्या घरात गुस्ल, नखे, कपडे अशी स्वच्छतेची सवय असतेच. बशा आणि बाटल्या घासणे त्याच दिवसाला जोडून टाकावे. मुलांना हे काम द्यावे. त्यांना कारण समजावून सांगितले तर ती विसरत नाहीत, उलट आपल्यालाच आठवण करून देतात.

कात्री कुठे चालवायची, कुठे नाही

गुलाबाची छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला करतात. वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या आधी काढाव्यात. मग चार-पाच जोमदार फांद्या ठेवून त्या निम्म्यावर आणाव्यात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडे वर तिरका काप द्यावा. कलमी गुलाबाच्या जोडाखालून आलेली फूट मुळापाशी काढून टाकावी, ती जंगली असते. गावठी गुलाब एवढा छाटू नये, शेंडे कापले तरी पुरे. छाटणीनंतर दीड महिन्याच्या आसपास फुले येतात.

मोगऱ्याला मात्र आत्ता कात्री लावू नये. थंडीत त्याला विश्रांती द्यावी, पाणी कमी करावे आणि छाटणी जानेवारीत करावी, म्हणजे उन्हाळ्यात तो भरभरून फुलतो. शेवंतीची गोष्ट आणखी वेगळी. दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की तिला कळ्या धरतात. तिची कुंडी रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली ठेवली तर तिला रात्र मोठी झाल्याचे कळतच नाही, आणि ती नुसती पानांनी वाढत राहते. जिन्यातल्या दिव्याखालची शेवंती का फुलत नाही, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

जास्वंदीवर या दिवसांत पांढरा पिठ्या ढेकूण आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवावे. तेवढ्याने गेला नाही तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे थोडे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. उन्हात फवारले तर पाने करपतात.

मसाल्याच्या डब्यातली पेरणी

नवे काही लावायचे तर महाग बियाणे आणायची गरज नाही. स्वयंपाकघरातली मेथी पसरट कुंडीत किंवा जुन्या टोपलीत दाट पेरली तर तीन आठवड्यांत भाजी काढता येते. धणे हलक्या हाताने रगडून दोन फाकी करावेत, रात्रभर भिजवावेत आणि मग पेरावेत. अख्खे धणे पेरले तर उगवायला फार वेळ लागतो. कोथिंबीर पाच-सहा आठवड्यांत हाताशी येते. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून खोचल्या तर महिन्याभरात हिरवी पात खुडता येते. बाजारातल्या पुदिन्याच्या जाड काड्या पाण्यात ठेवाव्यात, आठवड्याभरात मुळे फुटतात. पुदिना वेगळ्या कुंडीतच लावावा, नाहीतर तो शेजाऱ्याला जागा ठेवत नाही. टोमॅटो आणि मिरचीची रोपे आत्ता टाकली तर थंडीत फळ धरते.

सध्याची काही वर्षे रमजान थंडीच्या दिवसांकडे सरकत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला पुदिना, कोथिंबीर आणि टोमॅटो इफ्तारच्या दस्तरखानावर येऊ शकतो. आपल्या हाताने वाढवलेल्या पुदिन्याची चटणी मुले वेगळ्याच आवडीने खातात.

मेंदी आणि सब्जा

आपल्या घरांशी जुने नाते असलेली दोन झाडे या ऋतूत विशेष लक्ष मागतात. पहिली मेंदी. पावसावर वाढलेल्या मेंदीची पाने आत्ता तयार असतात. राजस्थानात सोजतच्या भागात मेंदीची मोठी कापणी याच सुमारास होते. पाने सावलीत वाळवावीत, उन्हात रंग उडतो. वाटून मलमलच्या कापडातून चाळून हवाबंद डब्यात ठेवली की थंडीतल्या लग्नांसाठी घरची मेंदी तयार. हिचा रंग आधी नारिंगी येतो आणि दुसऱ्या दिवशी गडद होतो. तासाभरात काळीभोर रंगणाऱ्या 'काळ्या मेंदी'त पीपीडी नावाचे रसायन मिसळलेले असू शकते, त्याने हातावर फोड येतात आणि कधी कायमचे डाग राहतात. मुलींच्या हातांसाठी अंगणात एक मेंदीचे झाड असणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. कुंपणाला लावले तर त्याला फारसे पाणीही लागत नाही.

दुसरा सब्जा. उर्दूत याला रैहान म्हणतात. सुगंधी वनस्पतीसाठी हा शब्द सूरह रहमानमध्येही आला आहे. फालूद्यात घालतो ते तुख्मे-रैहान याचेच बी. अनेक गावांत कबरीवर सब्जा लावण्याची पद्धत आहे. फुलोऱ्यावर दिवसभर मधमाश्या असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मंजिऱ्या तपकिरी होऊन वाळतात. त्या कापून कागदावर ठेवाव्यात, हाताने चोळाव्यात आणि बी कोरड्या बाटलीत भरून वर्षाचे नाव लिहावे. एका झाडातून मोहल्ल्याला पुरेल एवढे बी मिळते.

मागे राहिलेल्या कुंड्या

आमच्या नात्यातल्या एका खालांचे पती ऑगस्टच्या अखेरीस वारले. खालूंना बागेचा फार नाद होता. गच्चीवर वीस-बावीस कुंड्या, त्यात गुलाब, शेवंती, एक कुंडीतले डाळिंब. खालांनी आयुष्यात कधी खुरपे धरले नव्हते. चार महिने दहा दिवसांची इद्दत सुरू झाली, घराबाहेर जाणे नाही, दिवस सरता सरेना. पाऊस थांबला आणि कुंड्या सुकू लागल्या. मुलगा म्हणाला, "अम्मी, एवढे कोण बघणार, देऊन टाकू कुणाला तरी." त्या म्हणाल्या, "माझी इद्दत होऊ दे, मग बघू."

त्या दिवसापासून फजरनंतर वुजूच्या पाण्याची बादली सून वर नेऊन ठेवू लागली आणि खाला कुंडी कुंडीला बोट लावून पाहू लागल्या. छाटणी कशी करायची, हे खालूंना रोपे देणाऱ्या माळ्याकडून मुलाने विचारून घेतले. नोव्हेंबरात शेवंती फुलली. डिसेंबरात छाटलेल्या गुलाबांना कळ्या आल्या. मधल्या काळात खालांनी स्वतः पेरलेली मेथी दोनदा घरात शिजली. डाळिंबाच्या एका तडकलेल्या फळावर बुलबुल येत असे. मुलगा ते तोडायला निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे, तुझ्या अब्बांच्या हिशेबात जमा होते आहे ते." इद्दत जानेवारीत संपली. कुंड्या कुणाला द्यायच्या, हा विषय मग निघालाच नाही.

लावणारा निघून गेला तरी झाड मागे राहते आणि त्याला पाणी घालणारा हात सवाबात वाटेकरी होतो, हे कुठल्याही भाषणापेक्षा त्या गच्चीवर जास्त समजते. घरात कुणी वयस्कर एकटे असेल, कुणी दुःखात असेल, तर त्यांना उपदेशाऐवजी एक मेथी पेरलेली कुंडी नेऊन द्यावी. तीन आठवड्यांत उगवणारी गोष्ट माणसाला रोज सकाळी उठायला कारण देते.

कयामत समोर दिसत असली आणि हातात रोप असले, तरी जमले तर ते लावून टाकावे, अशा आशयाची हदीस मुस्नद अहमदमध्ये आहे. आपल्यासमोर तर नुसता ऑक्टोबर आहे! घरी दहा कुंड्या असतील तर या आठवड्यात दहाही कुंड्यांची माती हलकी करावी. एकच असेल तर तिची करावी. मोहल्ल्यात, शाळेत, कब्रस्तानात जुलैत लावलेली रोपे असतील तर दोन-दोन घरांनी एकेक रोप वाटून घ्यावे आणि पुढच्या जूनपर्यंत त्याचे पाणी सांभाळावे. या वर्षी बी धरले तर पुढच्या मृगाला शेजारच्या घरी एक पुडी द्यावी. अल्लाह आपल्या हातून लागलेल्या प्रत्येक रोपाला सावली आणि फळ देवो. आमीन.